दुचाकीवरून तीनचाकीवर येताना

सोलापुरात कोणी ‘तीनचाकी घेतली’ असे सांगितले, की ऐकणारा आधी परमिटची चौकशी करतो, कारण त्याच्या डोळ्यांसमोर रिक्षा उभी राहिलेली असते. या लेखातील तीनचाकी वेगळी आहे. मोटारसायकलीप्रमाणे किंवा स्कूटरप्रमाणे हँडल धरून जी चालवायची, परंतु थांबल्यावर जी कलंडत नाही आणि जिच्यासाठी रस्त्यावर पाय टेकावा लागत नाही, अशा गाडीविषयी हे लेखन आहे. बावीस वर्षे गिअरची मोटारसायकल चालवल्यानंतर डावा घोटा कायमचा आखडल्यामुळे मला स्कूटरला साईड व्हील लावून घ्यावी लागली. त्या बदलात ज्या चुका माझ्या हातून झाल्या, त्या नव्याने अशी गाडी घेणाऱ्याच्या हातून होऊ नयेत, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे, हे ओळखणे ही पहिली पायरी आहे. आपल्याकडे सर्वांत जास्त दिसते ती साईड व्हीलची स्कूटर. तिचे मागचे मूळ चाक जागेवर राहते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक लहान चाक येते; मोजायला गेल्यास चाके चार भरतात, पण लोक तिला तीनचाकीच म्हणतात. दुसरा प्रकार पुढे एक आणि मागे दोन चाकांचा, ज्याला ट्राइक म्हणतात. हार्ले-डेव्हिडसनची ‘सर्व्ही-कार’ ही अशी गाडी अमेरिकेत १९३२ पासून १९७३ पर्यंत तयार होत होती आणि तेथील पोलीस ती वापरत असत. तिसरा प्रकार पुढे दोन आणि मागे एक चाक असलेला. त्यातही दोन जाती आहेत: २००७ साली आलेली कॅन-ॲम स्पायडर वळणावर झुकत नाही, तर २००६ ची पियाजिओ एमपी-३ आणि २०१८ ची यामाहा निकेन या गाड्या पुढची दोन्ही चाके झुकवून दुचाकीसारख्या वळतात. चौथा प्रकार साईडकारचा. स्कूटरला डाव्या बाजूला डबा जोडून सारे कुटुंब त्यातून नेणारे गृहस्थ पन्नाशीच्या पुढील वाचकांना आठवत असतील.

एवढे प्रकार सांगितले, तरी चालकाच्या दृष्टीने विचारायचा प्रश्न एकच आहे: ही गाडी वळताना झुकते की झुकत नाही? झुकणारी तीनचाकी चालवायला दुचाकीच्या जवळची असते. न झुकणारी मात्र पूर्णपणे निराळी असते, आणि जुन्या दुचाकीस्वाराला ती नवशिक्यापेक्षा अधिक अडचणीत आणते. याचे कारण थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे.

दुचाकीने ताशी पंधरा-वीस किलोमीटरचा वेग ओलांडला, की ती हँडल वळवून वळत नाही. उजवीकडे जायचे असेल तर आपण उजवी मूठ किंचित पुढे ढकलतो, त्यामुळे पुढचे चाक क्षणभर डावीकडे जाते, गाडी उजवीकडे झुकते आणि मग उजवीकडे वळते. हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते. ते हातांना माहीत असते, डोक्याला नसते. आता हीच सवय घेऊन आपण न झुकणाऱ्या गाडीवर बसलो आणि उजवी मूठ पुढे ढकलली, तर गाडी झुकू शकत नसल्यामुळे चाक जिकडे वळले तिकडेच, म्हणजे डावीकडे, सरळ चालू लागते. घाबरून आपण मूठ अधिक जोराने ढकलतो आणि गाडी अधिकच डावीकडे जाते.

माझा पहिला दिवस असाच गेला. आमच्या वसाहतीत त्या दिवशी पाणी यायचे होते, त्यामुळे प्रत्येकाच्या फाटकापाशी बॅरल मांडून ठेवलेली होती. कोपऱ्यावर मला उजवीकडे वळायचे होते. वेग फार नव्हता, पण हाताने जुनी सवय दाखवली आणि गाडी डावीकडच्या निळ्या बॅरलवर जाऊन आदळली. बॅरल नुकतेच भरले होते. शेजारच्या काकू गाडीला किंवा मला काय झाले हे विचारण्याआधी वाहून जाणाऱ्या पाण्याकडे पाहत होत्या, आणि सोलापुरात राहणाऱ्या कोणालाही त्यांचा राग समजेल. संध्याकाळपर्यंत मी आमच्या टाकीतून त्यांना पाणी भरून दिले.

दुसरी पायरी कागदपत्रांची आहे, आणि ती गाडीला चाके लावण्याआधी पूर्ण करावी. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील व्याख्येप्रमाणे मोटारसायकल म्हणजे दोन चाकांचे मोटार वाहन, आणि काढता येण्याजोगी, जादा चाकाची साईडकार जोडलेली असली तरी ते वाहन मोटारसायकलच ठरते. साईड व्हीलची गोष्ट वेगळी आहे. शारीरिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीच्या वापरासाठी मुद्दाम तयार केलेले किंवा बदललेले वाहन कायद्यात ‘अडॅप्टेड व्हेइकल’ या नावाने ओळखले जाते, आणि ते फक्त त्या व्यक्तीने किंवा त्या व्यक्तीसाठीच वापरायचे असते. लायसन्सवरही या वाहनाचा स्वतंत्र वर्ग असतो. म्हणजे आपल्या जुन्या मोटारसायकलच्या लायसन्सवर ही गाडी चालवता येईल असे गृहीत धरू नये. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते आणि ते मिळाल्यापासून तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. अर्ज परिवहन खात्याच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर करायचा असतो. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) आधी हाती असावे, म्हणजे सोलापूरच्या (एमएच १३) आरटीओ कार्यालयात एकाच कामासाठी दोनदा रांगेत उभे राहावे लागत नाही.

गाडीत केलेला बदल आरसी बुकावर चढवून घेणे हे त्याहून महत्त्वाचे आहे. परवानगीशिवाय वाहनाची रचना बदलणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडापेक्षा मोठी अडचण विम्याची असते: आरसी बुकात दुचाकी, रस्त्यावर साईड व्हीलची गाडी आणि पॉलिसीत त्याचा उल्लेख नाही, अशा स्थितीत अपघात झाला तर दावा अडकण्यास आपण स्वतःच कारण पुरवलेले असते. म्हणून बदल लेखी कळवून पॉलिसीत नोंदवून घ्यावा आणि नोंदीची प्रत गाडीच्या डिकीत ठेवावी. ‘सगळे असेच वापरतात, काही होत नाही’ असे सांगणारा एजंट अपघाताच्या वेळी शेजारी नसतो.

तिसरी पायरी म्हणजे चाके बसवणे. येथे घाई करू नये. साईड व्हीलची चौकट मूळ चॅसीच्या छिद्रांना नट-बोल्टने घट्ट बसणारी असावी. चॅसीवर थेट वेल्डिंग करू देऊ नये, कारण तापवलेल्या ठिकाणी पत्रा कमकुवत होतो आणि पुढे चीर तेथूनच सुरू होते. चाकांना स्वतःचे शॉकअप असलेला संच थोडा महाग पडतो, तरी तोच घ्यावा. कारण अगदी साधे आहे. दोन्ही बाजूंची चाके घट्ट, न हलणारी असतील आणि मधले मूळ चाक एखाद्या लांबट खड्ड्यावर आले, तर बाजूची चाके गाडीला उचलून धरतात, मधले चाक अधांतरी राहते आणि इंजिनाची ताकद त्याच चाकाला असल्यामुळे गाडी जागच्या जागी चाक फिरवत उभी राहते. ड्रेनेजसाठी खोदून अर्धवट बुजवलेल्या चरावर माझी गाडी अशी दोनदा अडकली आहे. दोन्ही वेळा भाजीवाल्याने मागून ढकलल्यावर ती निघाली.

चाकांची उंची जुळवताना चालकाने स्वतः गाडीवर बसून राहावे. रिकाम्या गाडीवर जुळवलेली उंची आपण बसल्यावर शॉकअप दबताच चुकते, आणि मग एक बाजू जमिनीवर व दुसरी बोटभर वर असा प्रकार होतो. आपल्यामागे नेहमी कोणी बसणार असेल, तर त्या माणसालाही त्या दिवशी गॅरेजला घेऊन जावे. गॅरेजवाला कंटाळतो; कंटाळू द्यावा. निघण्याआधी आणखी तीन गोष्टी तपासाव्यात: सायलेन्सर चाकाच्या टायरपासून पुरेसा दूर आहे का, मडगार्ड टायरला घासते का, आणि दोन्ही बाजूंच्या अगदी बाहेरच्या टोकांना परावर्तक लावले आहेत का. रात्री मागून येणाऱ्याला आपला एकच लाल दिवा दिसतो, त्याला ती दुचाकी वाटते आणि तो दुचाकीएवढीच जागा सोडून पुढे काढतो. घरी आणल्यावर पहिले काम म्हणजे टेपने गाडीची रुंदी मोजून ती फाटकाच्या रुंदीशी ताडून पाहणे. हे काम खरे तर चाके बसवण्याआधीच करायला हवे होते, हे मला फाटकात अडकल्यावर सुचले.

चौथी पायरी सरावाची, आणि या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. जुळे सोलापुरातील एखादे मोकळे मैदान किंवा सुट्टीच्या दिवशीचा औद्योगिक वसाहतीतील रिकामा रस्ता यासाठी सोयीचा आहे. वेळ सकाळी सहाची निवडावी, कारण एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि नऊनंतर डोके तापलेल्या माणसाने नवे काही शिकू नये. पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या आठ बाटल्या सोबत न्याव्यात.

पहिल्या दिवशी बाटल्या दहा-दहा पावलांवर एका ओळीत ठेवून त्यांच्यामधून चालण्याच्या वेगाने नागमोडी जावे. हँडल वळवताना तोंडाने म्हणावे: उजवीकडे जायचे, तर डावा हात पुढे. हास्यास्पद वाटते, पण हात बोललेले ऐकतात. ही कृती सहज होऊ लागली, की शरीराचा दुसरा धडा घ्यावा. दुचाकीवर गाडी झुकत असल्यामुळे वळणावर आपले वजन सीटमध्येच दाबले जाते. न झुकणाऱ्या गाडीवर तेच वळण आपल्याला बाहेर फेकू पाहते. म्हणून उजव्या वळणावर कमरेपासून वरचे शरीर उजवीकडे आणि थोडे पुढे झुकवावे, म्हणजे आतल्या चाकावरचा भार टिकून राहतो. हँडलला लटकू नये. गुडघे गाडीला टेकवावेत आणि हात सैल ठेवावेत. आधी मोठे गोल, मग लहान गोल, मग आठच्या आकड्याचा सराव, असे किमान चार-पाच दिवस करावे.

ब्रेकचा सराव यानंतर. गाडीची तिन्ही टोके जमिनीवर एक त्रिकोण आखतात, आणि वजन त्या त्रिकोणाच्या आत आहे तोपर्यंतच गाडी उभी राहते. पुढे एकच चाक असेल तर हा त्रिकोण पुढच्या बाजूला निमुळता असतो. वळणाच्या मध्यात जोराचा ब्रेक दाबला की वजन त्याच निमुळत्या टोकाकडे आणि बाहेरच्या बाजूला सरकते, आतले मागचे चाक उचलले जाते आणि गाडी तिरपी उलटते. रिक्षा वळणावर का कलंडते याचे उत्तरही यातच आहे. वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना कमी करावा आणि वळणात फक्त हलकी रेस ठेवावी. बहुतेक साईड व्हीलना स्वतःचे ब्रेक नसतात. वजन वाढलेले आणि ब्रेक मात्र पूर्वीचेच, असा हिशेब असल्याने थांबायला लागणारे अंतरही वाढते. मैदानावर खडूने रेघ मारून, ताशी तीस किलोमीटरच्या वेगातून आपली गाडी किती पावलांत थांबते हे प्रत्यक्ष मोजून लक्षात ठेवावे.

साईडकारची गाडी असेल, तर हे नियम दोन्ही बाजूंना सारखे लागू होत नाहीत. डबा डाव्या बाजूला असताना डावे वळण घेतल्यास डब्याचे चाक हवेत उठू पाहते. रिकाम्या डब्यात सरावासाठी वाळूचे पोते ठेवावे. रेस दिली की गाडी डब्याकडे ओढते आणि ब्रेक दाबला की डब्यापासून दूर जाऊ पाहते. अशी गाडी शिकायला दुप्पट दिवस धरावेत.

यानंतर शहरात यावे, तेही टप्प्याटप्प्याने. आधी वसाहतीतील रस्ते, मग होटगी रोडसारखा रुंद रस्ता, आणि नवी पेठ किंवा मधला मारुती परिसर सर्वांत शेवटी. दुचाकीवर आपण एकाच रेघेतून जातो, त्यामुळे खड्डा दिसला की त्याच्या काठाने निसटता येते. येथे आपल्या तीन रेघा असतात. पुढचे चाक खड्ड्यातून वाचवावे तर बाजूचे पडते. दोन्ही बाजूची वाचवावीत तर खड्डा नेमका मधल्या चाकाखाली येतो. म्हणून खड्डा टाळण्यासाठी हँडलला हिसका देण्याऐवजी वेग कमी करून तो सरळ पार करावा. गतिरोधकही तिरका घेऊ नये, कारण एक बाजू आधी उचलली जाते.

रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, हे दुचाकीवर कधी जाणवत नाही. साईड व्हीलवर मात्र सारी गाडी कडेकडे कलते आणि हँडल डावीकडे ओढत राहते. अर्ध्या तासात मनगट दुखू लागते. पूर्ण कडेने जाण्याऐवजी डाव्या पट्ट्याच्या मध्याशी राहिल्यास हा त्रास कमी होतो. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या आसपास अशी गाडी नेण्याचा आग्रह धरू नये. दोन दुचाकींमधल्या फटीत ती शिरत नाही आणि एकदा अडकली की मागेही घेता येत नाही. पुणे-हैदराबाद महामार्गाविषयी माझे मत स्पष्ट आहे: साईड व्हीलची गाडी तेथे नेऊ नये. तुळजापूर किंवा अक्कलकोटला दर्शनाला जायचे असेल, तर एसटी आहे. सरळ, मोकळ्या रस्त्यावरही मी ताशी चाळीसच्या पुढे जात नाही.

मागे बसणाऱ्यांविषयी फारसे कोणी बोलत नाही, म्हणून थोडे थांबून सांगतो. साडी नेसलेल्या स्त्रिया आपल्याकडे एका बाजूला, डावीकडे पाय सोडून बसतात. दुचाकी उजवीकडे झुकून वळते तेव्हा त्या सीटवर दाबल्या जातात, त्यामुळे ही पद्धत वर्षानुवर्षे निभावून गेली आहे. न झुकणाऱ्या गाडीने तेच उजवे वळण घेतले, की त्यांना डावीकडे, म्हणजे थेट रस्त्याच्या दिशेने फेकले जाते आणि धरायला समोर काहीच नसते. सात रस्त्याला वळताना माझी पत्नी अशी सीटच्या कडेपर्यंत घसरली होती. साईड व्हीलच्या मडगार्डला पाय लागला म्हणून ती वाचली. त्यानंतर आम्ही दोन्ही बाजूंना पाय टाकून बसण्याचा नियम केला, मागे धरण्यासाठी पक्की कडी बसवून घेतली, आणि वळण येण्याआधी मी ‘उजवे’ किंवा ‘डावे’ असे मोठ्याने सांगतो. हेल्मेट दोघांनाही आवश्यक आहे. त्याशिवाय पकडले गेल्यास १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबन अशी तरतूद आहे. उन्हाळ्यात हेल्मेटखाली ओला सुती रुमाल बांधावा.

देखभालीचा खर्च दुचाकीपेक्षा जास्त येतो, हे मान्य करूनच गाडी घ्यावी. वजन आणि घर्षण वाढल्याने ॲव्हरेज घटते, स्कूटरचा बेल्ट लवकर झिजतो. मोटारसायकलचे टायर झुकण्यासाठी गोलाकार बनवलेले असते. गाडी झुकेनाशी झाली की ते फक्त मधल्या पट्ट्यावर झिजते, त्यामुळे कडेची नक्षी पाहून टायर चांगले आहे असे समजू नये. वळणावरचा आडवा ताण पुढच्या फोर्कवर येतो, म्हणून कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते तो बेअरिंगचा संच, आधी ढिला होतो. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवावे. मध्यभागी खटका जाणवला तर कोनसेट बदलण्याची वेळ झाली आहे. बाजूच्या चाकांच्या बेअरिंगचे ग्रीसिंग पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर करून घ्यावे, चौकटीचे बोल्ट महिन्यातून एकदा पान्याने तपासावेत, आणि तिन्ही-चारही चाकांतील हवा सकाळी, टायर थंड असताना पाहावी. डाव्या-उजव्या चाकांत हवा कमी-जास्त असेल, तर गाडी कायम एका बाजूला ओढते आणि दोष मात्र हँडलला दिला जातो. गाडी उभी करताना ब्रेकला कुलूप किंवा क्लिप नसेल, तर ट्यूबच्या रबराचा पट्टा ब्रेकच्या लिव्हरला गुंडाळावा, कारण ही गाडी स्टँडवर नसते आणि उतारावर आपण होऊन चालू लागते.

घरात दुचाकी आणि तीनचाकी अशा दोन्ही गाड्या असतील, तर आणखी एक काळजी घ्यावी. माझा पुतण्या महिनाभर मला दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी माझी गाडी चालवत होता. महिन्यानंतर तो स्वतःच्या मोटारसायकलवर बसला, पार्क चौकात येऊन थांबला, आणि पाय टेकायचा असतो हेच विसरला. गाडी उभ्या जागी त्याच्यासकट आडवी झाली. तेव्हापासून तो गाडी बदलली की गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन एकदा थांबतो, पाय टेकतो आणि मगच मोठ्या रस्त्याला लागतो.